केळी परवा आणली, मग आजची चिलटं कुठून आली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: परवा केळी आणून टोपलीत ठेवली, आज सकाळी टोपलीवर पंधरा-वीस चिलटं घिरट्या घालत होती. केळी फेकली, टोपली धुतली, तरी ती आहेतच. व्हिनेगरची वाटी ठेवली, तर काठावर बसतात आणि उडून जातात. ही कशी घालवू? केळ्यातूनच निघतात का? अंडी असलेलं फळ पोटात गेलं तर काही होतं का? आणि ‘फळमाशी’साठी मिळणारे सापळे घरात लावले तर चालतील का?

तुम्ही विचारलंय ‘कशी घालवू’, पण अडलंय वेगळ्याच ठिकाणी. उडणारी चिलटं मारणं सोपं आहे. ती वाढतायत कुठे हे सापडत नाहीये. केळ्यांवर दिसली म्हणून केळ्यांवर आळ आला आणि तपास तिथेच थांबला.

आधी दिवस मोजू. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून उडणाऱ्या चिलटापर्यंत साधारण १० दिवस लागतात. अंडं फुटायला सुमारे एक दिवस, अळीचे चार-पाच दिवस आणि कोषातले चार-पाच दिवस. १८ अंशांना हाच काळ १९-२० दिवसांवर जातो, जास्त उबेत एखाद-दोन दिवस वाचतात, आणि १० अंशांच्या खाली वाढ थांबल्यातच जमा असते. म्हणजे परवा आणलेल्या केळ्यांवर आज दिसणारी चिलटं त्या केळ्यांत जन्मलेली असणं जवळपास अशक्य आहे. फळ आणण्याआधीच आठवडाभर उघड्यावर पिकत पडलेलं असेल तर एखाद-दुसरं निघेलही, पण पंधरा-वीस एकदम नाही. ती तुमच्या घरात आधीपासून होती. विखुरलेली होती म्हणून नजरेत भरली नव्हती. केळी पिकली आणि सगळी एका कट्ट्यावर जमली. वाढायची जागा दुसरीच आहे, आणि ती तुम्ही केळी आणायच्या किमान आठवडाभर आधीपासून ओली आहे.

दिवसांचा हिशेब इतका नेमका सांगता येतो, कारण हा कीटक शंभराहून जास्त वर्षं प्रयोगशाळेच्या बाटल्यांत वाढतोय. याचं शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर. पिढी दहा दिवसांत तयार, गुणसूत्रांच्या फक्त ४ जोड्या, खर्च नगण्य. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात हे त्यावरून पुढे सिद्ध होत गेलं. त्या कामाला १९३३ चं नोबेल मिळालं. शरीरातल्या जैविक घड्याळावरच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालं, तेही याच जिवावर केलेल्या प्रयोगांमुळे. स्वयंपाकघरात आपण ज्याला हाताने हाकलतो त्याच्याबद्दल माणसाला इतर बहुतेक प्राण्यांपेक्षा जास्त माहिती आहे.

आता नावाचा घोळ. कुणी चिलटं म्हणतं, कुणी घुंगुरटी, कुणी केंबरं. हे शब्द कुठल्याही बारीक उडत्या किड्याला वापरले जातात, त्यामुळे आधी ओळख पटवा. फळांवरचं चिलट दोन-तीन मिलिमीटरचं, पिवळसर तपकिरी अंगाचं, पोटावर काळसर आडवे पट्टे आणि विटकरी लाल डोळे असलेलं. भिंग नसलं तरी मोबाइलच्या कॅमेऱ्यात डोळे दिसतात. ते संथ, तरंगत उडतं आणि हात मारला की थोडं वर जाऊन परत तिथेच येतं.

न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी, पतंगासारखी केसाळ, पंख छपरासारखे पसरणारी माशी वेगळी. ती मोरीच्या पाइपातल्या बुळबुळीत थरात वाढते. कुंड्यांभोवती उडणारे, काळे, लांब पायांचे, डासासारखे दिसणारे किडे सतत ओल्या राहणाऱ्या मातीतले. त्यांच्यासाठी पाणी कमी करा, वरची दोन-तीन सेंटिमीटर माती दोन पाण्यांच्या मध्ये कोरडी पडू द्या. आणि पाठीला कुबड असलेली, उडण्याआधी झटक्या-झटक्याने पळणारी माशी दिसली तर प्रकरण जरा गंभीर असू शकतं: फुटलेला सांडपाण्याचा पाइप, किंवा कुठेतरी मरून पडलेला उंदीर. या तिघांनाही व्हिनेगरचं फारसं आकर्षण नसतं. त्यामुळे ‘सापळ्यात एकही पडत नाही’ अशी तक्रार असेल तर मी सापळा बदलायच्या आधी किडा कुठला ते बघायला सांगतो.

तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडची ती चिलटंच. त्यांना नेमकं काय हवं असतं, हे कळलं की पुढचं शोधकाम सोपं होतं. त्यांना फळापेक्षा फळावर वाढणारं यीस्ट हवं असतं. अळी मुख्यतः यीस्ट आणि इतर सूक्ष्मजीव खाते, फळाचा गर हे त्या यीस्टचं शेत. म्हणून आंबण्याचा वास, म्हणजे अल्कोहोल, ॲसेटिक आम्ल आणि पिकलेपणाची सुगंधी द्रव्यं, हा चिलटांच्या मादीसाठी जेवणाचा बोलावा. उलट मातकट, बुरशीच्या वासाचं जिओस्मिन नावाचं द्रव्य तिला दूर ठेवतं. म्हणून पूर्ण बुरसटून कोरडं पडलेलं लिंबू ती सोडते आणि बाटलीच्या तळाशी उरलेला चमचाभर फळांचा रस धरते.

मादी अनुकूल परिस्थितीत आयुष्यभरात चारशेच्या आसपास अंडी घालते. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, पांढरं, आणि त्याच्या एका टोकाला दोन बारीक वल्ह्यांसारखे तंतू. अंडं ओल्या लगद्यात रुतलेलं असलं तरी हे तंतू वर राहतात आणि त्यांतून ते श्वास घेतं. अळी मात्र कोषात जायच्या वेळी लगद्यातून बाहेर पडते आणि वर, कोरड्या जागी चढते. प्रयोगशाळेच्या नळीत हे रोज दिसतं: खाली मऊ झालेलं खाद्य, आणि काचेवर बोटभर उंचीपर्यंत चिकटलेले तांबूस-तपकिरी दाणे, प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला दोन बारीक शिंगं. तुमच्या कचऱ्याच्या डब्याच्या आतल्या भिंतीवर, झाकणाच्या खाचेत असे दोन-तीन मिलिमीटरचे दाणे दिसले तर शोध संपला. लोक ते वाळलेलं खरकटं समजून सोडून देतात. डबा नुसता विसळून ते निघत नाहीत, घासावे लागतात.

किती कमी जागा पुरते, हेही लक्षात असू द्या. बोटाएवढ्या नळीत ८-१० मिलिलिटर खाद्यावर शंभरावर चिलटं सहज वाढतात. म्हणजे दोन चमचे ओला, आंबलेला लगदा. त्यामुळे ‘घर तर स्वच्छ आहे’ हे म्हणणं खरं असूनही चिलटं असू शकतात.

मी शोधायला सांगतो त्या जागा अशा. बटाटे-कांद्यांची टोपली पूर्ण रिकामी करा, वरून बघून चालत नाही. तळाचा एक बटाटा पाणी सुटून मऊ झालेला असतो आणि वरचे सगळे ठणठणीत. कचऱ्याच्या डब्यातली पिशवी उचला आणि पिशवी व डबा यांच्यामध्ये साचलेला रस बघा. पिशवी रोज बदलणाऱ्यांच्याही घरात तो असतो. भंगारात द्यायला ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या, डबे, सॉसच्या पुड्या. फरशी पुसायचा मॉप ओला उभा ठेवला असेल तर त्याचे धागे. सिंकजवळचा स्पंज आणि त्याच्या डबीतलं पाणी. मिक्सर-ज्युसरच्या झाकणाचं रबर, ते काढून आतली खाच. फ्रिजच्या मागे किंवा खाली असलेला पाण्याचा ट्रे. ओट्याखाली किंवा कपाटाच्या मागे घरंगळलेलं फळ. मुलांच्या दप्तरातला विसरलेला डबा. घरात खताचा डबा असेल तर सर्वात आधी तोच, वर कोरड्या पानांचा किंवा भुशाचा चार-पाच सेंटिमीटरचा थर आहे का ते बघा. ओलं साल उघडं दिसत असेल तर तिथे वाढ होणारच.

डोळ्यांना सापडलं नाही तर सापळ्याला शोधायला लावा. माझ्या मते सापळ्याचा खरा उपयोग हाच, मारणं दुय्यम. एका रात्री घरातली सगळी उघडी फळं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे दुसरं आकर्षण राहणार नाही. पाच-सहा सारखेच छोटे सापळे करा आणि प्रत्येक संशयित जागेजवळ एकेक ठेवा: सिंक, कचऱ्याचा डबा, कांदे-बटाटे, फ्रिजची मागची बाजू, मॉपची जागा, न्हाणीघर. चोवीस तासांनी मोजा. चार ठिकाणी दोन-तीन आणि एका ठिकाणी तीस असं काहीतरी निघालं की फरक उघड असतो. मग त्या जागेच्या हातभर परिसरात सगळं हलवून, उचलून बघायचं.

सापळा कसा करायचा? तुमच्या वाटीत दोन चुका झाल्या. पहिली: साबण नव्हता. चिलटाचं वजन जेमतेम एक मिलिग्रॅम. द्रवाच्या पृष्ठताणावर ते तळ्याकाठी उभं राहावं तसं आरामात उभं राहतं, पितं आणि जातं. भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब टाकले की तो ताण मोडतो आणि बसलेलं चिलट सरळ बुडतं. जास्त टाकू नका. फेस झाला तर तो बसायला पाट होतो, आणि साबणाचा सुगंध व्हिनेगरचा वास झाकतो. दुसरी: वाटी उघडी आणि पसरट होती, म्हणजे निघायला वाट मोकळी.

उभा पेला किंवा अरुंद बरणी घ्या. तळाशी दोन सेंटिमीटर सफरचंदाचं व्हिनेगर, साबणाचे एक-दोन थेंब, हलक्या हाताने ढवळायचं. तोंडावर प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून रबर लावा आणि टूथपिकने दोन-तीन मिलिमीटरची चार-पाच छिद्रं पाडा. फिल्म नसेल तर कागदाचं नरसाळं करून टोक खाली ठेवा, टोकाचं भोक पाच मिलिमीटरच्या आसपास, द्रवापासून दोन बोटं वर. नरसाळं कडेला नीट टेकलेलं हवं, फट राहिली तर तीच वाट होते. हे चालतं कारण घाबरलेलं चिलट नेहमी वर आणि उजेडाकडे जातं. बाहेरची वाट मात्र मध्यभागी, खालच्या टोकाला असते, आणि तिथे ते शोधत नाही.

नुसतं पांढरं व्हिनेगर कमी पडतं, त्यात आम्लाचा वास आहे पण फळाचा नाही. तेच असेल तर अतिपिकलेल्या केळ्याचा अर्धा चमचा लगदा त्यात पूर्ण कालवा. फोड टाकू नका, तरंगणारी फोड म्हणजे चिलटांची होडी. व्हिनेगर चालत नसेल तर यीस्टचा सापळा माझ्या अनुभवात जास्त ओढतो: १०० मिलिलिटर कोमट पाणी, एक चमचा साखर, पाव चमचा कोरडं यीस्ट. पाणी हाताला सोसवेल इतपतच गरम, उकळतं घातलं तर यीस्ट मरतं. अर्ध्या-एक तासात बुडबुडे येऊ लागतात. याला घट्ट झाकण लावू नका, वायू साठतो. छिद्रांची फिल्म किंवा नरसाळंच ठेवा, आणि फेस वर येतो म्हणून भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका.

सापळा पंख्याच्या झोतात ठेवला तर वास उडून जातो आणि चिलटांना दिशा सापडत नाही. दर तीन-चार दिवसांनी ओतून नवा भरा. साबण नसलेला, लगदा घातलेला सापळा आठवड्याहून जास्त विसरला, तर त्यातच पुढची पिढी वाढते.

फवाऱ्याबद्दल विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. कीटकनाशकाचा फवारा हवेतली चिलटं पाडतो. लगद्यातल्या अळीपर्यंत आणि भिंतीवरच्या कोषापर्यंत तो पोचत नाही. अन्न ठेवायच्या ओट्यावर विष मारायचं आणि चार दिवसांनी नवी चिलटं बघायची, हा सौदा मला पटत नाही. हवेतली लगेच कमी करायचीच असतील तर व्हॅक्यूम क्लीनरची नळी टोपलीवर धरा.

सिंकबद्दल थोडं जास्त. पाइपातून येणारी बहुतेक वेळा ती केसाळ माशी असते, पण फळांचा रस, ताक-दही, खरकटं सतत जात असेल तर चिलटंही तिथे वाढतात. खात्री करायला रात्री सिंक कोरडं पुसा आणि जाळीवर पारदर्शक पेला उपडा घाला. सकाळी पेल्यात किडे दिसले तर उत्तर मिळालं. एका रात्रीत दिसले नाहीत तर तीन-चार रात्री बघा, कारण कोषातून निघणारे रोज निघतात असं नाही. सफाई करायची ती ब्रशने: बाटली धुवायचा लांब दांड्याचा ब्रश, लिक्विड साबण, गरम पाणी. जाळीची खालची बाजू, तोंडाचा रिंगणाचा भाग आणि सिंक ओसंडू नये म्हणून कडेला असलेलं भोक, या तीन जागा विसरल्या जातात. नुसतं गरम पाणी किंवा ब्लीच ओतलं तर ते बुळबुळीत थरावरून घसरून जातं, थर तसाच राहतो. शिवाय खळखळतं पाणी प्लास्टिकच्या पाइपांचे सांधे सैल करतं. आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र कधीही नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पाइपात कालच सापळ्यातलं व्हिनेगर ओतलं असेल तर आधी भरपूर पाणी सोडा.

जागा सापडून साफ केली तरी दुसऱ्या दिवशी घर रिकामं होणार नाही. इकडे-तिकडे चिकटलेले कोष आणि आधीच उडणारी चिलटं असतात. ऊबदार हवेत दहा ते चौदा दिवस ती दिसत राहतील, संख्या मात्र रोज घटायला हवी. गार हवेत हा काळ दुप्पट धरा. दोन आठवड्यांनंतरही आकडा तिथेच असेल तर दुसरी जागा आहे, पुन्हा सापळे मांडा. इमारतीत सामाईक कचऱ्याची नळी किंवा खिडकीखालीच कचऱ्याचे डबे असतील तर बाहेरून येत राहतील. डासांच्या साध्या जाळीवरही पूर्ण भरवसा नको, तिची छिद्रं सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतात आणि बारीक अंगाचं चिलट त्यातून शिरू शकतं. अशा वेळी आतलं सगळं झाकून ठेवणं एवढंच हातात राहतं.

तोपर्यंत फळं धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवा. अंडी सहसा चिरेत आणि देठाच्या जखमेत असतात. केळ्यांच्या फणीचं देठ आणि टोमॅटोचा देठाचा खड्डा नीट धुवा. पिकलेली फळं फ्रिजमध्ये. सालं बाहेर टाकायला उशीर होणार असेल तर पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये ठेवा.

अंडी पोटात गेली तर? ती पचतात. चिलट चावत नाही, रक्त पीत नाही, त्याचं तोंड द्रव टिपण्यासाठीच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे: ते कचऱ्यावरून उठून चिरलेल्या फळावर बसतं आणि पायांना लागलेले जिवाणू सोबत आणतं. म्हणून चिरलेलं काहीही उघडं नको, विशेषतः घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर.

राहिला फळमाशीचा सापळा. इंग्रजीत दोघींना एकच नाव असल्यामुळे हा गोंधळ होतो. शेतीत जिला फळमाशी म्हणतात ती घरमाशीएवढी, सहा-आठ मिलिमीटरची, वेगळ्याच कुळातली. चिलट आंबलेल्या, फुटलेल्या फळावर येतं. फळमाशीची मादी झाडावरच्या चांगल्या, पक्व होत आलेल्या फळाला टोचून सालीखाली अंडी घालते. बाहेर सुईने टोचल्यासारखा ठिपका, कधी त्यावर रसाचा थेंब, आणि कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या. पूर्ण वाढलेली अळी अंग वळवून टुणकन उडी मारते, चिलटाची अळी असं करत नाही. कोष मातीत, वरच्या काही सेंटिमीटरमध्ये. तिच्यासाठीचे मिथाइल युजेनॉलचे सापळे आंबा-पेरूवरच्या काही जातींचे फक्त नर ओढतात. वेलवर्गीय भाज्यांवरच्या माशीसाठी क्यू-ल्यूर नावाचं वेगळं आमिष लागतं. तुमच्या टोपलीवरच्या चिलटांना दोन्हींचं काहीही सोयरसुतक नाही, तेव्हा घरात लावू नका.

घरी आणलेल्या चांगल्या फळात ड्रॉसोफिलाची मुख्यतः एकच जात आधीपासून असू शकते: ड्रॉसोफिला सुझुकी. तिच्या मादीकडे करवतीसारखं अंडी घालायचं अवजार असतं, त्याने ती पिकत आलेल्या स्ट्रॉबेरी, चेरीसारख्या मऊ फळांची साल कापते. नराच्या पंखाच्या टोकाजवळ प्रत्येकी एक काळा ठिपका असतो. अशी फळं आणली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. केळ्यांचा मात्र तिच्याशी संबंध नाही; तुम्ही कांदे-बटाट्यांची टोपली आजच उलटी करून बघा.